थोरली येऊन गेलेल्या टीचर

तापाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीपाशी उभी राहिले आणि स्वतःचे तळहात उजेडात धरले. पाठीवर, पोटावर, मानेवर पुरळ होतं. काही नुसते लाल ठिपके, काही पाण्यानं भरलेले फोड, एक-दोन सुकायलाही लागलेले. तळहात कोरे होते. तळपाय पाहिले, तेही कोरे. म्हणजे कांजिण्या, आणि त्याही सत्तेचाळिसाव्या वर्षी.

हे ओळखायला मला डॉक्टर लागला नाही, कारण माझे वडील देवी डॉक्टर होते. खरे डॉक्टर नव्हेत. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात घरोघर फिरून देवीची लस टोचणारे सरकारी कर्मचारी. गावांत त्यांना देवी डॉक्टर म्हणत आणि ते दिसले की बायका पोरांना कणगीत लपवत. मी शाळेत होते त्या, देवीच्या शेवटच्या वर्षांत त्यांचं काम टोचण्यापेक्षा शोधण्याचंच जास्त होतं. देवी आलेल्या एका मुलाचा फोटो असलेलं कार्ड घेऊन ते आठवड्याच्या बाजारात, शाळांत, पारावर विचारत हिंडायचे, असं कुणी पाहिलंत का? कुणी हो म्हटलं की सायकल काढायची. बहुतेक वेळा कांजिण्याच निघत. रात्री जेवताना ते आम्हा भावंडांना फरक समजावून सांगत. देवीचे फोड सगळे एका वयाचे, चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट, तळहातावरसुद्धा. कांजिण्यांचे लहानमोठे, पोटापाठीवर जास्त. दोन वेगळे रोग, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पुढे देवी संपल्याचं जाहीर झालं आणि वडिलांना मलेरियाच्या कामावर घेतलं. माझ्या दंडावर त्यांनीच टोचलेले दोन वण आहेत. कांजिण्यांपुढे त्यांचा काडीचा उपयोग नव्हता.

मी वही काढली. तेव्हा मी चेन्नईजवळ ओरगडमच्या एका गाड्यांच्या कारखान्यात सुट्या भागांच्या नियोजनाचं काम बघत होते. पुण्याहून बदलीवर येऊन दोन वर्षं झाली होती. नवरा आणि मुलगा पुण्यात, मी वेस्ट मांबलममध्ये पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात. साडेनऊपर्यंत यादीतली चार कामं झाली. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळ्या सांगितल्या आणि खपल्या धरेपर्यंत घराबाहेर पडू नका म्हणाले. औषधाच्या दुकानदाराला फोन केला. ऑफिसला कळवलं. साहेबांनी काळजी घ्यायला सांगितलं आणि लगेच विचारलं की शेवटी कामावर आले तेव्हा कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी कोण बसलं होतं. शेवटी नवऱ्याला फोन.

"मी येऊ का?" तो म्हणाला.

"तुला झाल्या होत्या का लहानपणी?"

"ते आईलाच माहीत असणार. आता कोणाला विचारू?"

"आणि पोराला नक्की झालेल्या नाहीत. सीईटीला पाच आठवडे आहेत. तू इथून घेऊन गेलास तर?"

"तेही आहेच," तो म्हणाला. "मग नको येऊ?"

"नको."

"नक्की?"

"नक्की."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यानं 'नक्की' एकदाच विचारलं होतं. ते बरोबरच होतं. मीच सगळे मुद्दे मांडले होते आणि त्यातला एकही खोडून काढण्यासारखा नव्हता.

दहाला कामवाली आली. दारातच तिनं माझी मान पाहिली, चपला परत पायात घातल्या आणि हात जोडले. तो नमस्कार मला नव्हता, माझ्या अंगावरच्या फोडांना होता. "अम्मा वन्दिरुक्का," ती म्हणाली. अम्मा, म्हणजे देवी, आलीय. अर्ध्या तासानं तिनं कडुलिंबाची डहाळी आणून माझ्या दाराच्या कडीला बांधली आणि बाहेरूनच नियम सांगितले. घरात फोडणी द्यायची नाही. तळण नाही. केस विंचरायचे नाहीत. आलेल्याला पाणी विचारायचं नाही. कडुलिंब-हळदीच्या पाण्यानं तीन आंघोळी झाल्या, तिसरं पाणी पडलं, की अम्मा जाते. मग ती कामाला येईल.

मी ते सगळं लिहून घेतलं. लिहून घेतलं की निम्मं काम झालं असं मला वाटतं.

पण पुढचे दोन दिवस वहीत लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. दुधाची पिशवी वॉचमन ग्रिलला अडकवायचा आणि मी दार उघडेपर्यंत जिना उतरून गेलेला असायचा. औषधं त्याच ग्रिलला लटकलेली मिळाली. वरच्या मजल्यावरचं कुटुंब माझ्या दारावरून जाताना बोलणं थांबवायचं आणि पुढच्या वळणावर पुन्हा सुरू करायचं. एप्रिलचा उकाडा होता. पंख्याचा वारासुद्धा फोडांना बोचायचा. मांबलम स्टेशनातून सुटणाऱ्या गाड्यांचे आवाज मोजत मी पडून राहायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून फोन आला तेव्हा माझा आवाज फुटेना. घसा दुखत होता हे खरं, पण सकाळपासून मी एक शब्दही बोलले नव्हते, हेही खरं. मी घरीच बसून आहे, मजेत आहे, असं मी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली आणि दार वाजवलंही गेलं. उघडलं तर तळमजल्यावरच्या टीचर.

इमारतीत सगळे त्यांना टीचरच म्हणत. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. मूळ तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी मी प्रथम ऐकलं तेव्हा कुणी जुनी पोथी तमिळ चालीवर वाचतंय असं वाटलं होतं. त्यांचा सगळा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता. नाकाच्या शेंड्यापासून कपाळापर्यंत नखाएवढी जागा मोकळी नव्हती. आतापर्यंत आमचं बोलणं पाण्याच्या मोटरपलीकडे गेलं नव्हतं.

"आत येऊं दे गे," त्या म्हणाल्या. त्यांच्या एका हातात ताकाचं भांडं होतं आणि दुसऱ्या हातात कडुलिंबाचा पाला.

"टीचर, तुम्ही आत येऊ नका. हे लागतं."

"मज कशास लागेल? हा चेहरा पाहिला नाहींस?" त्या माझ्या बाजूनं आत शिरल्याच. "थोरली येऊन गेली आहे माझ्याकडे. थोरली जेथे राहून गेली तेथे धाकटी पाऊल घालत नाहीं. बहिणी आहेत त्या, एकमेकींचा मान राखतात."

मला त्याच क्षणी सांगता आलं असतं. थोरली म्हणजे देवी, धाकटी म्हणजे कांजिण्या, आणि दोघींचं काही नातं नाही, हेच तर वडिलांनी शेकडो घरांत समजावलं होतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात त्यांनी पलंगावरची चादर झटकली, पाला पसरला, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अय्यो, तापली आहेस की. पडून राहा."

मी पडून राहिले. त्या दिवशी संध्याकाळी वहीत लिहिलं, 'टीचरना सांगणे.'

दुसऱ्या दिवशी त्या नाचणीची पातळ कांजी घेऊन आल्या. त्यांनी डहाळीनं माझ्या पाठीवर हळूहळू वारा घातला. खाज सुटली की नखं लावायची नाहीत, पाल्यानं नुसतं टेकवायचं, हे त्यांनी दाखवलं. मी वहीतलं ते काम पुढच्या तारखेला टाकलं. कारखान्यात एखादं काम तीनदा पुढे ढकललं की मी माणसाला बोलावून कारण विचारायचे. इथे विचारणारं कुणी नव्हतं.

त्या रोज दोनदा येत, अकराला आणि चारला. मी पावणेअकरापासून जिन्याकडे कान लावून बसे. त्या तासभर बसत आणि बोलत.

"नऊ वर्षांची होत्यें," एकदा त्यांनी सांगितलं. "थोरली दोघींकडे आली, मजकडे आणि धाकट्या बहिणीकडे. बहिणीस घेऊन गेली. मज ठेवून गेली, पण भाडं म्हणून चेहरा घेऊन गेली." ही त्यांची जुनी थट्टा असावी, कारण त्या माझ्या हसण्यासाठी थांबल्या.

शाळेत पहिल्या दिवशी पुढच्या बाकावर कुणी बसत नसे, असं त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांत भरे. गणित बरं शिकवत होत्यें ना."

"आणि बाकी लोक?"

"बाकी लोक काय! लग्नाची पत्रिका मज पोस्टानं येते, समोरच्या घरातली सुद्धा. मंगलकार्यात हा चेहरा समोर नको. पण अम्मा आली की माणूस पळत दारावर येतो. टीचर, चला, लवकर चला. या गल्लीत अशी किती घरं झाली असतील! नव्या सुना, मुलं, एकदा तर पोलिसातला एक दांडगा पुरुष, आईस हांका मारत रडणारा. कुणी आत जात नाहीं. मी जात्यें."

हे त्या बढाई मारत नव्हत्या. पण त्यांचा चेहरा उजळला होता आणि मी बोलले नाही. आता माझ्यापाशी न सांगण्याची दोन कारणं झाली. त्यातलं त्यांच्या भल्याचं कारण मी मनात वर ठेवलं आणि माझ्या भल्याचं खाली. क्रम खोटा होता हे मला ठाऊक होतं.

सहाव्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. फोड किती, ताप किती, हे सगळं मी क्रमानं सांगितलं.

"घरी बघायला कोण आहे?"

"खालच्या मजल्यावरच्या टीचर येतात. सत्तरीच्या आहेत. त्यांना लहानपणी देवी आल्या होत्या."

"त्याचा इथे काही उपयोग नाही. ह्या वयात कांजिण्या झाल्या तर न्यूमोनिया होऊ शकतो, माणूस दगावू शकतं. त्यांना माहीत नसेल, तुम्हाला तरी माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी म्हणाले.

अकराला टीचर आल्या. पहिल्या पाण्याचा दिवस होता. बादली त्यांनी सकाळीच गच्चीवर उन्हात ठेवून दिली होती आणि आता पलंगाशेजारी खाली बसून त्या दगडावर पाला नि हळद वाटत होत्या.

"टीचर, एक सांगायचंय. थोरली आणि धाकटी वेगळ्या आहेत."

"वेगळ्याच की. एक थोरली, एक धाकटी."

"बहिणी नाहीत. त्यांचं काहीच नातं नाही. थोरली येऊन गेली तरी धाकटी येऊ शकते."

वाटणं चालूच होतं. "कोण म्हणतो?"

"डॉक्टर म्हणतात. माझे वडीलही म्हणायचे. ते देवीची लस टोचायचे, हे काम त्यांना पक्कं माहीत होतं."

"वडील आहेत?"

"नाहीत. बारा वर्षं झाली."

त्यांचा हात थांबला. आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाई होत्या. त्यांना फार वेळ लागला नाही.

"म्हणजे तुज बारा वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे."

"हो."

"मी पहिल्या दिवशी दारांत उभी राहिल्यें तेव्हांही ठाऊक होतं."

"हो."

"मग सांगितलं कां नाहींस?"

"तुम्ही यायच्या बंद झाला असता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वणांनी भरलेल्या त्या चेहऱ्यावरचा राग ओळखायला मला क्षणभर लागला.

"झाल्यें असत्यें की नसत्यें, तें मज ठरवूं द्यायचं होतंस," त्या म्हणाल्या.

त्यांनी उरलेलं वाटण पुरं केलं. दगड धुतला. वाटण वाटीत काढून माझ्या उशाशी ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि गेल्या. दार त्यांनी आवाज न करता ओढून घेतलं. बादली आणायला मी स्वतःच गच्चीवर गेले. कुणी भेटू नये म्हणून एक-एक पायरी कानोसा घेत चढले आणि पाणी सांडत खाली आणलं.

त्यानंतर त्या वर आल्या नाहीत. पण रोज अकराला बेल एकदा वाजे आणि दार उघडलं की पायरीवर डबा असे, दहीभात नाहीतर कांजी. डबा घासून मी तिथेच ठेवायची. दुपारी तो गेलेला असायचा. डब्यात एकदा चिठ्ठी घातली, 'चुकलं माझं.' डबा परत आला त्यात चिठ्ठी नव्हती, उत्तरही नव्हतं. दुसरं पाणी मी एकटीनं घेतलं, तिसरंही. पाठीपर्यंत हात पोचत नाही हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं.

खपल्या पडल्या. कामवाली आली, तिनं डहाळी सोडली, मी कामावर रुजू झाले. बसमधली माझ्या शेजारची जागा आठवडाभर रिकामी राहिली. ते मला समजत होतं. मला तो आठवडा वेगळ्याच हिशेबाचा होता. टीचर शेवटच्या वेळी माझ्या खोलीत होत्या त्या दिवसापासून एकवीस दिवस. लागण झाली असेल तर तेवढ्यात दिसणार. वहीत मी एकवीस चौकोन आखले होते.

रोज संध्याकाळी बसमधून उतरले की मी त्यांच्या खिडकीशी थांबायची. त्या आत खुर्चीवर बसलेल्या असत, पुढ्यात पेपर.

"टीचर, बरं आहे ना? ताप वगैरे?"

"नाहीं. जा."

रोज एवढंच. एके दिवशी त्या खोकल्या आणि मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी सहाला मी खिडकीशी हजर. "धूळ गेली होती," त्या म्हणाल्या. "जा, बस चुकेल."

एकविसावा चौकोन भरला तेव्हा मी मिठाई आणायचा विचार केला आणि रद्द केला. खिडकीशी उभी राहून मी त्यांना सांगितलं की आता धोका टळला. शिवाय हेही सांगितलं की रक्ताची एक तपासणी असते, कांजिण्या पूर्वी नकळत होऊन गेल्या असतील तर त्यात कळतं. इतक्या घरांत गेलात आणि काही झालं नाही, म्हणजे बहुधा होऊन गेल्याच असतील. मी प्रयोगशाळेची वेळ विचारून ठेवली होती. रविवारी जाऊन येऊ.

"साठ वर्षं कागदाशिवाय आत जात आल्यें," त्या म्हणाल्या. "आतां कागद दाखवून जाऊं? नको."

"पण कळेल तरी."

"तुज कळायला हवं. मज नको होतं."

महिनाभरानं, उन्हाळा ओसरत आला असताना, मी संध्याकाळी घरी आले तर गल्लीतल्या तिसऱ्या घरातली बाई टीचरांच्या खिडकीशी उभी होती. तिच्या सुनेला अम्मा आली होती. मुलगी मदुरैकडची, लग्न होऊन चार महिने झालेले, माहेरचं इथे कुणी नाही. सासूला स्वतःला कधी झालेल्या नव्हत्या, म्हणून ती खोलीत शिरत नव्हती. ती हात जोडून तमिळमध्ये सांगत होती, टीचर, चला, लवकर चला.

टीचर खुर्चीतून उठल्या. पदर सारखा केला. खिडकीच्या गजांपर्यंत आल्या आणि तिथे त्यांची नजर माझ्यावर पडली. या वेळी ठरवायचं त्यांनाच होतं.

"माझ्यानं व्हायचं नाहीं," त्या सासूला तमिळमध्ये म्हणाल्या. "गुडघा धरलाय. ह्यांस ने. ह्यांच्याकडे आत्तांच येऊन गेली आहे."

सासूनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. माझा चेहरा स्वच्छ होता. मी मान वळवून गळ्यावरचे काळे डाग दाखवले, तेव्हा कुठे तिची खात्री पटली.

"टीचर, मला जमेल का? माझं तमिळ..."

"तमिळ कशास लागतं तेथे? ताक घेऊन जा. पाला खाली पसर. नखं कापून टाक तिची, आधी तेंच विसरतात. आणि घाईनें उठूं नकोस. तुज घाई फार."

वहीत लिहून घ्यायला मी पिशवीत हात घातला आणि काढून घेतला.

खोली मागच्या बाजूला होती, खिडकी बंद केलेली. मुलगी बावीस-तेवीसची असेल, भिंतीकडे तोंड करून निजलेली. मी आत आल्यावर तिनं वळून पाहिलं आणि मी कोण हे न विचारता बोलायला लागली. भराभर, मदुरैच्या तमिळमध्ये. मला त्यातलं 'आई' आणि 'फोन' एवढंच कळलं. मी नखं कापली. ताक पाजलं. तिला झोप लागेपर्यंत बसले, दीड तास. मधे दोनदा घड्याळ बघितलं ते तिला दिसू दिलं नाही.

परतले तेव्हा टीचरांच्या घरात दिवा लागला होता आणि त्या अजून खिडकीशीच होत्या.

"ताप आहे?"

"आहे. फार नाही."

"ताक प्याली?"

"अर्धा पेला."

"रडली?"

"रडली थोडी."

त्यांनी गजावरचा रंगाचा पोपडा नखानं काढला. "हात धरला होता काय तुझा?"

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग "हो," म्हटलं.

"झोपेपर्यंत?"

"झोपल्यावरही. सोडवून घ्यावा लागला."

गल्लीतून एक स्कूटर गेली. मग त्यांनी खिडकीचं एक दार ओढून घेतलं, दुसऱ्यावर हात ठेवला.

"उद्यां अकराला जा," त्या म्हणाल्या. "सुटी घे अर्ध्या दिवसाची. अकरापर्यंत वाट पाहतात, पुढे नाहीं पाहत."